मदत हवी आहे: मैफल रंगते, पण खुर्च्या रिकाम्या

नमस्कार मंडळी. कारखाने एकेक करून बंद पडलेल्या शहरात मैफली भरवणाऱ्या छोट्या गटात मी काम करतो. पाचशे खुर्च्यांच्या सभागृहात मागच्या वेळी नव्वद माणसं, त्यातली निम्मी आमच्याच ओळखीची! सुरू व्हायच्या आधी गायकाने पडद्याआडून डोकावून विचारलं, "अजून यायचेत ना लोक?" काय सांगणार कपाळ!

आधी वाटायचं, तिकीट परवडत नसेल. म्हणून एकदा प्रवेश फुकट ठेवला. दोनशे जणांनी नावं नोंदवली, आले सत्तर. म्हणजे दुखणं नुसतं पैशाचं नाही. शेवटची बस साडेनऊला, कार्यक्रम सुटतो दहाला. बाहेरच्या रस्त्यावरचे निम्मे दिवे बंद. तरुण पोरं नोकरीसाठी बाहेर गेली, उरलेले वयस्क लोक अंधारात घराबाहेर पडायला कचरतात.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटार कारखान्यांच्या शहराचीही अशीच गत झाली: तिथली लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास होती, २०१० मध्ये सात लाखांवर आली. तिथल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राने (मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाने) २०१०-११ मधल्या वादकांच्या सहा महिन्यांच्या संपानंतर उपनगरांत जाऊन कमी तिकिटात वाजवायला सुरुवात केली, शिवाय मैफली इंटरनेटवर फुकट दाखवल्या. त्यांच्यामागे मोठे देणगीदार होते, आमच्यामागे कोणी नाही.

तर विचारायचं होतं: मोठं सभागृह सोडून वस्त्यांमध्ये, संध्याकाळी सहालाच छोटे कार्यक्रम कोणी करून पाहिलेत का? आणि थेट प्रक्षेपण केलं की येणारे नव्वदही घरीच बसतात, की नवे लोक जोडले जातात?