मदत हवी आहे: चिंध्यांचा कार्बन मिथिलीन ब्लू खातो, पण डाईंगचं पाणी जसंच्या तसं

काठवाला_सोलापूर: अर्जंट आहे, सोमवारी गाईडना आकडे दाखवायचेत. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट, टॉवेलच्या कटिंगच्या चिंध्यांपासून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (रंग शोषून घेणारा कोळसा) केलाय. मिथिलीन ब्लूवर (टेस्टिंगचा निळा रंग) ९५ टक्के रिमूव्हल मिळतंय पण घराजवळच्या डाईंगमधनं कॅन भरून आणलेल्या पाण्यावर काहीच होत नाही, उलट रंगाचं रीडिंग वाढतंय!! तीनदा केलं. थिअरी नको, काय करू ते सांगा.

ईटीपी_आप्पा: कार्बन कसा केला, पाण्याचा पीएच किती, रंग कुठला, काहीच लिहिलं नाहीस. आम्ही काय पंचांग उघडून बघायचं?

काठवाला_सोलापूर: सॉरी. चिंध्या फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर भिजवल्या, मग मफल फर्नेसमध्ये (लॅबची भट्टी) ५०० डिग्रीला एक तास, झाकण लावून. नंतर धुतला. १०० मिलीला अर्धा ग्रॅम. पाणी मरून आहे. पीएच बघितला नाही.

लूमवाला: चिंध्या शंभर टक्के सुतीच होत्या ना? पॉलिस्टर असेल तर वितळून क्रुसिबलला (भट्टीत ठेवायच्या वाटीला) डांबरासारखं चिकटतं, मी एक क्रुसिबल घालवलंय.

काठवाला_सोलापूर: आमच्याच मागावरच्या आहेत, सुतीच.

पंचगंगाकाठी: एवढा खटाटोप कशाला? चुना आणि फेरस सल्फेट टाका, रंग गाळासकट खाली बसतो. मी वीस वर्षं तेच करतोय.

ईटीपी_आप्पा: आणि तो गाळ? पोत्यात भरून ठेवायचा आणि पावसाळ्यात नदीला सोडायचा? तुमच्याच नदीत मासे तरंगतात आणि वर जलपर्णी.

पंचगंगाकाठी: नदीला आम्ही एकटे आहोत का? गावाचं सांडपाणी जातं ते दिसत नाही तुम्हाला?

सुगरण_माई: लाल टॉवेलचा रंग पांढऱ्या शर्टाला लागला असेल तर वाळवू नका, ओला असतानाच परत धुवा. वाळला की पक्का बसतो.

काठवाला_सोलापूर: माई, शर्ट नाही हो, सांडपाणी आहे 🙏

रसायनवाली: रीडिंग प्रकाशाच्या कुठल्या वेव्हलेंथला घेतोस?

काठवाला_सोलापूर: ६६४ नॅनोमीटर. तीच आहे ना?

रसायनवाली: अरे ती मिथिलीन ब्लूची! मरून रंग तिथे जवळजवळ दिसतच नाही, ५२० च्या आसपास स्कॅन कर. ६६४ ला तुला जे वाढताना दिसतंय ती कार्बनची बारीक पूड आहे, फिल्टरमधनं सुटलेली. सेंट्रिफ्यूज कर, म्हणजे गरगर फिरवून पूड खाली बसव. आणि तो ९५ टक्के पण तपास, मिथिलीन ब्लू फिल्टर पेपरलाच चिकटतो, कार्बन न घालता नुसतं गाळून बघ कागद किती निळा होतो.

दुसरं म्हणजे टॉवेलचा रंग बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह असणार, म्हणजे ऋण भाराचा. फॉस्फोरिकवाल्या कार्बनच्या पृष्ठभागावर आम्लगट असतात, डाईंगच्या सोडा अ‍ॅशने अल्कली झालेल्या पाण्यात तोही ऋण होतो, दोघं एकमेकांना ढकलतात. मिथिलीन ब्लू धन, म्हणून तो पटकन चिकटला. पीएच ३ वर आणून बघ.

ईटीपी_आप्पा: मीठ पण असतं त्या पाण्यात ढिगाने, त्याने कार्बनचं वाटोळं होतं.

रसायनवाली: उलट, भार सारखे असले की मीठ त्यांचं ढकलणं कमी करतं, थोडी मदतच होते.

ईटीपी_आप्पा: पुस्तकात.

लूमवाला: नारळाच्या करवंटीचा तयार कार्बन आण ना, पाव किलोत काम होईल.

काठवाला_सोलापूर: काका प्रोजेक्टच चिंध्यांचा आहे 😭

काठवाला_सोलापूर: अपडेट. पीएच साडेदहा होता. अ‍ॅसिड भसकन ओतलं तर फेस उसळून बीकरबाहेर, ओट्यावर मरून थारोळं, लॅब असिस्टंट काका अजून पुसतायत आणि मला बोलतायत. दुसऱ्यांदा थेंब थेंब टाकलं. ५२० ला १.४ वरनं ०.६ आलं!!

लूमवाला: सोडा अ‍ॅश आहे म्हटल्यावर फेस येणारच की, लिंबू सोडा कधी केला नाहीस का.

रसायनवाली: १.४ कुठल्या पाण्याचं? अ‍ॅसिड घालायच्या आधीचं की नंतरचं? अ‍ॅसिडने कधी कधी रंगाची छटाच बदलते, पीएच ३ चं बिनकार्बनचं रीडिंग हवं.

काठवाला_सोलापूर: आधीचं 😐

रसायनवाली: मग परत कर.

काठवाला_सोलापूर: सेंट्रिफ्यूज बायोवाल्यांकडे आहे आणि उद्या रविवार. किल्ली काकांकडे असते. ओट्याचं झाल्यावर मागायला जाऊ शकत नाही, कोणीतरी दुसरा उपाय सांगा.

पंचगंगाकाठी: चुना.