अनुभव धागा: 'माझ्याकडे तर चालतंय!' – डॉकरवर लोकल सेटअप करताना तुमचं कुठे अडलं?

डॉकर म्हणजे अ‍ॅप, डेटाबेस वगैरे आपापल्या वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं साधन; कंपोझ हे सगळे डबे एका फाइलवरून एकदम उठवतं. नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी लीड म्हणाला, "रेपो क्लोन कर, कंपोझ अप मार आणि चहा पिऊन ये." चहा झाला, जेवण झालं, दुसऱ्या दिवशीचा चहाही झाला. जँगोचं (आमचं अ‍ॅप ज्यावर बांधलंय ते पायथॉन फ्रेमवर्क) एकच पालुपद: डेटाबेसशी कनेक्शन होत नाही. माझ्या एन्व्ह फाइलमध्ये (सेटिंग्जची फाइल) होस्ट, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, होता लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन'. पण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच! पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, शेजारच्या घरात. तिथे कंपोझ फाइलमधलं सर्व्हिसचं नाव लागतं, आमच्याकडे 'डीबी'. दोन अक्षरांपायी दीड दिवस गेला. तुमचंही येऊ द्या. शिव्या गाळून.

निवांत_पुणेकर
होस्ट बरोबर असूनही माझं अ‍ॅप पहिल्या झटक्यात पडायचं, दुसऱ्यांदा चालायचं. मी आपला रोज दोनदा सुरू करायचो, स्कूटरला किक मारावी तसा. कंपोझ फाइलमध्ये नुसतं 'डिपेंड्स ऑन' लिहिलं की अ‍ॅप डेटाबेसचा कंटेनर उठेपर्यंतच थांबतं, आतला पोस्टग्रेस तयार झाला का ते बघत नाही. हेल्थचेक (डेटाबेस तयार आहे का ते विचारणारी तपासणी) लावून 'सर्व्हिस हेल्दी' ही अट टाकली, किक बंद.

खिडकीवाली
विंडोज. एंट्रीपॉइंटची स्क्रिप्ट (कंटेनर उठताच चालते ती) डोळ्यांसमोर दिसतेय आणि कंटेनर म्हणतो, अशी फाइलच नाही! तीन संध्याकाळी घालवल्या. गिटने ओळींचे शेवट विंडोज पद्धतीचे करून ठेवले होते. पहिल्या ओळीला चिकटलेल्या त्या न दिसणाऱ्या अक्षरामुळे कंटेनरमधल्या लिनक्सला स्क्रिप्ट चालवणारं शेलच सापडत नव्हतं. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंग फाइलमध्ये एलएफ (लिनक्स पद्धतीचा ओळीचा शेवट) सक्तीचं केलं. वर कोड सी ड्राइव्हवर, त्यामुळे सगळं गोगलगाय. डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्येच चालणारं लिनक्स) होम फोल्डरमध्ये हलवला, तेव्हा कुठे सेव्ह केल्यावर पान आपोआप ताजं व्हायला लागलं.

एम_वन_वाला
मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसची आर्मसाठी (माझ्या एम१ मॅकचा प्रोसेसर) इमेजच, म्हणजे कंटेनरचा तयार साचाच, नाही. प्लॅटफॉर्म एएमडी६४ (इंटेल-एएमडी प्रोसेसरवाला) लिहून चालवलं. चालतं, पण कण्हत.

नवशिका
टेबलांची एसक्यूएल बदलली, कंटेनर दहादा उठवला, डेटाबेस ढिम्म. डेटा फोल्डर रिकामा असेल तरच टेबलं बनवणारी ती इनिट स्क्रिप्ट चालते म्हणे. कंटेनर बंद करणाऱ्या कंपोझच्या 'डाउन'ला 'व्ही' लावलं, झालं काम!

हात_पोळलेला
नवशिका, जपून रे बाबा. तो 'व्ही' व्हॉल्यूमही (डेटा साठवायची जागा) पुसतो. मी दोन आठवडे हाताने भरलेला टेस्ट डेटा असाच घालवला. बॅकअप? हसू नका.

जुनं_ते_सोनं
मला एवढा सोस नाही. लॅपटॉप ८ जीबीचा. पोस्टग्रेस आणि रेडिस (कॅशसाठीचा डेटाबेस) तेवढे कंटेनरमध्ये, अ‍ॅप थेट मशीनवर. डीबगर विनातक्रार जोडला जातो. तेव्हा होस्ट मात्र लोकलहोस्टच, बरं का!

धागाकर्ती
@जुनं_ते_सोनं, अहो, आमच्या एन्व्ह फाइलमध्ये तो लोकलहोस्ट कुठून आला ते आत्ता कळलं. लीडसुद्धा तसंच चालवतो. त्याच्याकडे तर चालत होतं!