मदत हवी आहे: भावाचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट ७० टक्क्यांचं आहे, परत तपासून घेता येतं का? (खानापूर तालुका)

नमस्कार सगळ्यांना. आमचं गाव खानापूरपासून आत, जंगलाच्या बाजूला. धाकटा भाऊ २३ वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हातपाय ताब्यात राहत नाहीत. त्याला कळतं सगळं, क्रिकेटचा स्कोअर माझ्याआधी सांगतो, पण उठून बसायला, जेवायला, संडासला माणूस लागतंच. तपासणीला नेलेलं तेव्हा गर्दी होती, दोन मिनिटं पाय बघितले, हात बघितलेच नाहीत आणि ७० टक्के लिहून दिले. आता आपल्याकडे कर्नाटकात ४० ते ७५ टक्क्यांना महिना ८०० आणि त्याच्या वर १४०० अशी पेन्शन आहे, म्हणजे ह्या पाच टक्क्यांत आमचे महिन्याला ६०० जातात.

६०० काय मोठे, असं कुणाला वाटेल म्हणून खर्च लिहिते. उन्हाळ्यात आई जुन्या लुगड्याचे तुकडे वापरते, पण आमच्यातला पाऊस तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर कपडा वाळत नाही म्हणजे नाहीच, चुलीवर दोरी बांधून वाळवला तरी आत ओल राहते आणि मग त्याच्या मांड्या लाल होऊन सोलवटतात, रात्रभर झोपत नाही. म्हणून त्या चार महिन्यांत डायपर घ्यावेच लागतात. एक ३५ रुपयांना, दिवसाला तीन, महिन्याचे ३१५०. चार महिन्यांचे साडेबारा हजार होतात आणि ८०० प्रमाणे वर्षाची सगळी पेन्शन ९६००.

बेळगावला फिजिओला न्यायचं तर शक्ती योजनेत आईला बस फुकट आहे, भावाचाही पास निघतो, पण बसच्या त्या उंच पायऱ्यांवरून २३ वर्षांच्या पोराला कोण चढवणार, त्यामुळे रिक्षाच करावी लागते, जाऊन येऊन १२०० घेतो. त्या दिवशी आईची रोप लावणीची हजेरीही बुडते. आणि पेन्शनला उत्पन्नाची अट वर्षाला ३२ हजारांची, त्या दाखल्यात घरात येतं ते मोजतात, त्याच्यापायी जातं ते कुणीच वजा करत नाही. सारख्याच कमाईचं शेजारचं घर आणि आमचं घर कागदावर एकच दिसतं, हे मला फार लागतं.

मावशी चंदगडला असते, ती म्हणते रेशनकार्डावर त्याचं नाव आमच्याकडे घाला, महाराष्ट्रात संजय गांधी योजनेत अपंगांना आता २५०० झालेत. खोटं करायला मन होत नाही, पण आई रोज विचारते.

तर विचारायचं हे की टक्के परत तपासून मिळतात का, आणि डायपर-फिजिओच्या खर्चाला दुसरं काही आहे का?

निपाणीकर: ताई, चंदगडचं डोक्यातून काढा, त्या योजनेला १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो, उगीच इथली पेन्शनपण अडकेल. टक्क्यांबद्दल २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात कलम ५९ आहे, सर्टिफिकेट पटलं नाही तर अपील करता येतं. तोंडी सांगत फिरू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जात हात बघितले नाहीत हे स्पष्ट लिहा, त्याला घास भरवताना, कूस बदलताना काय काय करावं लागतं ते एकेक लिहा. त्याच कायद्यात कलम २४ बघा, अपंगांना तशाच दुसऱ्या योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त द्यायचं म्हणून आहे. माझ्या आजीला संध्या सुरक्षाचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे, १२०० येतात, तुमच्या भावाला ८००. हे आमदारांपुढे सगळ्यांनी मिळून मांडायला पाहिजे.

मलप्रभाकाठ: आमची मुलगीपण सीपी आहे. नॅशनल ट्रस्टची (सीपी वगैरे असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) निरामय म्हणून आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, बीपीएलला हप्ता २५० आणि बाकीच्यांना ५००. आधी मेडिकल तपासणी नाही आणि थेरपीपण त्यात धरतात. डायपरचे निघतील असं मात्र धरू नका. फॉर्म ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेतून भरतात. पंचायतीत व्हीआरडब्ल्यू, म्हणजे अपंगांची कामं बघणारा गावपातळीवरचा कार्यकर्ता असतो, तोही बहुतेक स्वतः अपंगच असतो, त्याला घरी बोलवा, भावाला नेऊ नका. रिक्षाच्या आणि डायपरच्या पावत्या आजपासून ठेवायला लागा.

धागाकर्ती: दोघांचे खूप आभार, २५ टक्क्यांचं तर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी पंचायतीत जाते. मला कन्नड वाचता येतं पण अर्ज लिहायला जमत नाही आणि मराठीत दिलेला परत करतात, आईबरोबर एकदा असं झालंय. अपीलाचा कन्नड अर्ज कुणी केला असेल तर नाव-नंबर झाकून फोटो टाकाल का?