‘सुलभ’, ‘सुगम’ की ‘सुगम्य’?

प्रश्न

आमच्याकडे अकरावी-बारावीच्या मुलांसाठी अभ्यासाचं एक अ‍ॅप तयार होतंय. त्यातला मराठी मजकूर माझ्याकडे आहे. अंध, कर्णबधिर किंवा हाताची हालचाल नीट होत नाही अशी मुलंसुद्धा ते वापरणार आहेत. त्यांच्यासाठीच्या सोयींचं एक पान सेटिंगमध्ये आहे, आणि त्याला नाव काय द्यावं इथे गाडी अडलीय. इंग्रजीत ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ आहे. मराठीसाठी सुलभता, सुगमता, सुगम्यता आणि प्रवेशयोग्यता असे चार शब्द पुढे आले. बहुमत ‘सुलभता’ला आहे. ‘सुगम्यता’ हिंदीतून आलेला आणि सरकारी वाटतो, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं. या शब्दांत खरंच फरक आहे का?

प्रतिसाद

फरक आहे, आणि तो मला अगदी जवळून माहीत आहे. मी जन्मापासून अंध आहे. नोकरीचं सगळं काम स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर करतो, हा प्रतिसादही तसाच लिहितोय.

आधी शब्दांकडे बघू. ‘सुलभ’मध्ये ‘लभ्’ धातू आहे, म्हणजे मिळणं. सहज मिळतं ते सुलभ, मिळत नाही ते दुर्लभ. ‘सुगम’मध्ये ‘गम्’ आहे, म्हणजे जाणं. जिथे सहज जाता येतं ते सुगम, जिथे जाता येत नाही ते दुर्गम. आपला ‘दुर्ग’ही याच घरातला: शत्रूला पोचता येऊ नये म्हणून बांधलेला. एखादी वेबसाइट मला वापरता येत नाही तेव्हा ती माझ्यासाठी दुर्गच असते, फक्त तो कुणी मुद्दाम बांधलेला नसतो.

व्याकरणाच्या काटेकोर हिशोबाने ‘सुगम’ एवढंच पुरेसं आहे. ‘सहज जाण्याजोगं’ हा अर्थ त्यात आलेलाच आहे, वर ‘य’ लावायची गरज नाही. पण मराठीत ‘सुगम’ शब्द केव्हाच दुसरीकडे गेला. सुगम संगीत म्हणजे शास्त्रीय नसलेलं, कानाला सोपं. ‘सुगम व्याकरण’ म्हणजे सोपं करून सांगितलेलं. ‘सुलभ’चंही तेच झालं: सुलभ हप्ते, सुलभ पद्धत, सुलभ मार्गदर्शिका. दोन्ही शब्द आता ‘सोपं’ या एकाच अर्थाला येऊन टेकलेत.

आणि माझी सगळी तक्रार ‘सोपं’ या शब्दाशी आहे.

मी अंकगणित टेलर फ्रेमवर शिकलो. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पाटीसारखी चौकट, तीत आठ कोनांच्या चांदणीसारखी भोकं, आणि त्यांत बसवायचे शिशाचे छोटे खिळे. खिळ्याच्या एका टोकाला उभी रेघ, दुसऱ्या टोकाला दोन टिंबं. खिळा कोणत्या कोनात बसवला त्यावरून आकडा ठरतो. तीन अंकी गुणाकार त्यावर मांडायचा म्हणजे बोटांची चांगली परीक्षा असते. सोपं अजिबात नव्हतं. पण गणित माझ्यापर्यंत पोचत होतं, मी गणितापर्यंत पोचत होतो.

पुढे साध्या शाळेत गेलो तेव्हा बाई प्रेमाने म्हणाल्या, ‘तुला आकृत्या माफ. भूमितीऐवजी सोपा प्रश्न देऊ.’ त्यांच्या मनात खोट नव्हती. त्या शाळेत उठावाच्या, म्हणजे बोटांना लागणाऱ्या आकृत्या कुणाला माहीत नव्हत्या, म्हणून त्यांनी मला त्रिकोणापर्यंत नेण्याऐवजी त्रिकोणच काढून टाकला. पायथागोरसचं प्रमेय मला पाठ होतं, पण काटकोन बोटांना कसा लागतो हे कळायला कॉलेज उजाडावं लागलं. एका मित्राने रबराच्या पट्टीवर प्लास्टिकचा कागद ठेवून बॉलपेनने उठाव काढून दिला, तेव्हा कळलं.

‘सुलभ’ आणि ‘सुगम्य’ यांतलं अंतर ते हेच. सुलभ करणारा पेपर सोपा करतो. सुगम्य करणारा पेपर आहे तेवढाच कठीण ठेवतो आणि त्यापर्यंतचा रस्ता मोकळा करतो. लेखनिक, दर तासाला 20 मिनिटं जादा वेळ, चित्राचं शब्दांत वर्णन हे सगळं रस्त्याचं काम आहे. याला ‘सवलत’ म्हणतात तेव्हा फार खुपतं.

उलटं उदाहरणही बघा. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत, म्हणजे ओळख पटवताना, कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून उघडायची, की झालं. याहून सुलभ काय असणार? पण अ‍ॅसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे आणि चेहरा गेला, त्यांना पापणी मिटता येत नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. गोष्ट सुलभ असूनही अगम्य असू शकते, ती अशी.

‘प्रवेशयोग्यता’ मात्र नको. फोनच्या मराठी सेटिंगमध्ये मी तो शब्द ऐकलाय आणि पहिल्यांदा मला कॉलेजचा प्रवेशअर्जच आठवला. शिवाय त्यात योग्यता कुणाची, दाराची की माझी, याचा घोळ होतो.

‘सुगम्य’ सरकारी आहे, हे खरं. 3 डिसेंबर 2015 ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं आणि शब्द सगळीकडे पोचला. 2016 मध्ये सुगम्य पुस्तकालय आलं, अंध वाचकांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय. पण मराठीला तो परका नाही. ‘मला त्यात काही गम्य नाही’ असं आपण म्हणतोच, ‘अगम्य’ही रोजचा आहे. ‘सुगम्य’वर अजून ‘सोपं’चा थर चढलेला नाही, हाच त्याचा मोठा गुण. माझं मत ‘सुगम्यता’ला.

एक गोष्ट शब्दाच्या बाहेरची, पण तुमच्या कामाची. मध्यंतरी एका प्रशिक्षणाचं मराठी वेळापत्रक मला पीडीएफमध्ये आलं. दिसायला देखणं होतं म्हणे. स्क्रीन रीडर लावला तर ऐकू आलं इंग्रजी अक्षरं, स्लॅश, कंस, पुन्हा अक्षरं. मजकूर जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरलेले संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला होता. डोळ्यांना तो ‘सोमवार’ दिसतो, पण फाइलच्या पोटात इंग्रजी की-बोर्डवरच्या खुणा असतात. मराठीत हा प्रकार फार आहे. तुमचा सगळा मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, तेवढं बघा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर, ‘पेपर कठीणच ठेवून रस्ता मोकळा’ हे आजच टीमला वाचून दाखवते. मजकूर युनिकोडमध्येच आहे. आणखी एक विचारते. प्रस्तावनेत मी ‘दिव्यांग विद्यार्थ्यांना सामावून घेणारं अ‍ॅप’ असं लिहिलंय. चालेल?

प्रतिसाद

मला तिथे थोडं अडखळायला होतं. ‘सामावून घेणं’ प्रेमळ क्रियापद आहे, पण त्यात घर एकाचं आणि पाहुणा दुसरा. भरलेल्या डब्यात थोडं सरकून जागा दिल्यासारखं. ‘समावेशन’ या पारिभाषिक शब्दालाही तो वास आहे. धोरणाच्या कागदात राहू दे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ‘युनिव्हर्सल डिझाइन’ची जी कल्पना आहे, ती वेगळी आहे: वस्तू मुळातच अशी घडवायची की शक्य तितक्या सगळ्यांना ती तशीच्या तशी वापरता यावी, मागाहून ठिगळ लावायला लागू नये. तुमचं अ‍ॅप तसं असेल तर सरळ लिहा, ‘सगळ्या विद्यार्थ्यांना वापरता येणारं अ‍ॅप’. ‘वापरता येणं’ इतका नेमका शब्दप्रयोग आपल्याकडे असताना प्रस्तावनेत जड शब्द कशाला? पानाचं नाव ‘सुगम्यता’, आणि त्याखाली एक ओळ: ‘ऐकून, मोठ्या अक्षरांत किंवा मजकुरासह व्हिडिओ पाहून अभ्यास करण्यासाठी’. ज्याला शब्द नवा असेल त्याला ओळीवरून कळेल.

नाव टाकून झालं की फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडमधला स्क्रीन रीडर) सुरू करा, डोळे मिटा आणि त्या पानापर्यंत बोटाने पोचून बघा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये मला नुसतं ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येतं, कारण चित्र काढलेलं असतं पण नाव दिलेलं नसतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये ‘सुगम्यता, बटण’ असं ऐकू आलं तर इथे नक्की कळवा.