मदत हवी आहे: पावसाळ्यात एन-९५ मास्क कोरडे कसे ठेवायचे?

मंडळी, कोविडमुळे पाच मास्कांची पाळी लावलीय. प्रत्येकावर १ ते ५ आकडा, वापरून झाला की कागदी पिशवीत, पुन्हा पाळी सहाव्या दिवशी. उन्हाळ्यात हे बिनघोर चालतं. पण फोंड्यात आषाढ लागला की पिशवीच लिबलिबीत होते आणि नाकपट्टीखालच्या फोमवर काळे ठिपके येतात. ठिपके आलेला मास्क सरळ टाकायचा, त्यात वाद नाही.

धुणं नको, सॅनिटायझर फवारणंही नको. मधल्या थरावर स्थिर विद्युतभार असतो, बारीक कण त्यामुळे अडकतात. साबणाने किंवा अल्कोहोलने तो उतरतो. मास्क मात्र वरून धडधाकट दिसतो, खरी मेख तिथेच. चुलीजवळ धूर धरतो, इस्त्रीने वितळतो, बंद डब्यात घाम कोंडतो.

बल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत), माणसांपासून लांब, दोरीवर चार-पाच तास टांगला आणि मग सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात बंद केला तर? जेल किती ग्रॅम लागेल? झाकण उघडं राहिलं तर ते हवेतलीच ओल पिणार. डब्यात तांदूळ घालून कुणी बघितलंय का? मला तरी त्याचा भरवसा वाटत नाही, शिवाय पीठ मास्कला लागणार.