मदत हवी आहे: न टाकलेली अंतर्देशीय पत्रं उघडू का?

नमस्कार मंडळी. गणपतीआधी वेंगुर्ल्याच्या घरी माळा झाडताना आईच्या ट्रंकेत नऊ अंतर्देशीय पत्रं सापडली. मोर छापलेली, 75 पैशांची, म्हणजे 1990 च्या आसपासची (आज तेच पत्र अडीच रुपयांना आहे). सगळ्यांवर गिरगावातल्या मावशीचा पत्ता, पण पोस्टाचा शिक्का एकावरही नाही. त्या काळात दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं, एवढंच मला माहीत आहे. आई आता नाही. मावशी आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची, कान शाबूत.

पत्रं चिकटलेली आहेत. पण ती आईने चिकटवली, की आपल्या पावसाने? इथल्या दमट हवेत कोऱ्या पाकिटाचाही गोंद आपोआप धरतो, हे तुम्हाला सांगायला नको. तिने मुद्दाम बंद केली असतील तर उघडायला माझा हात धजत नाही. पावसाने केली असतील तर गोष्ट वेगळी. हे ओळखता येतं का?

दुसरं, उघडायची कशी? शेजारच्या काकू म्हणतात, किटलीची वाफ दे. पण आई शाईच्या पेनाने लिहायची, पत्ता आत्ताच पसरलाय. वाफेने आतलंही जाईल. सध्या उन्हात न ठेवता टिपकागदात घालून कपाटात ठेवलीत. बुरशीचे ठिपके आहेत, ते पुसू का?

आणि खरं विचारायचंय ते हे: न उघडता तशीच मावशीच्या हातात दिली तर? कुणी असं केलंय का?