मदत हवी आहे: एका गावात दोन सॅम्युएल, त्यातला आमचा कोणता?

मंडळी, सध्या मुलाकडे रॉचेस्टरला, न्यूयॉर्क राज्यात मुक्काम आहे. माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली हे विहीणबाईंना कळलं आणि त्यांनी घरातलं जुनं बायबल पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, आमचा मूळपुरुष शोधून द्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या तरी असतात. इथली काहीच माहिती नव्हती, पण नाही म्हणवेना.

बायबलच्या कोऱ्या पानावर सॅम्युएल, रूथ आणि सात मुलं एवढंच आहे. रूथचं माहेरचं आडनाव नाही. थोरला एलायजा, जन्म १७९२. त्यातला ९ कुणीतरी नंतर गिरवलाय, पण १८५०च्या जनगणनेत त्याचं वय ५८ आणि जन्म मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे जुळतं. त्यामागे अंधार. १८५०च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यातले आकडे. आणि न्यूयॉर्क राज्यात जन्ममृत्यूची नियमित नोंद १८८०पासूनची.

मग मी माझ्या सवयीच्या वाटेने गेलो. ऑन्टॅरिओ काउंटीचं मुख्य ठिकाण कॅनन्डेग्वा इथून जवळच. तिथे १८०२चं खरेदीखत मिळालं. घेणार सॅम्युएल, राहणार वूस्टर काउंटी, मॅसॅच्युसेट्स, गावही लिहिलंय. (जमीन मुळात सेनेका या इथल्या मूळनिवासी लोकांची. १७८८मध्ये फेल्प्स आणि गोरम या जमिनीच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्याशी मोठा खरेदीव्यवहार केला आणि मागोमाग न्यू इंग्लंडचे शेतकरी आले. या खतात सेनेकांचा उल्लेखही नाही. आमच्या खात्यात असा कागद परत पाठवला असता.)

घोडं पेंड खातंय ते पुढे. त्या गावच्या १८५०पर्यंतच्या जन्मनोंदी छापलेल्या आहेत. त्यात याच आडनावाचे दोन सॅम्युएल, चुलतभाऊ: १७६१चा डेव्हिडचा मुलगा, १७६३चा जोसेफचा. १८००च्या जनगणनेत दोघंही २६ ते ४५च्या एकाच रकान्यात! गावच्या कागदांत एकापुढे 'ज्युनिअर' आहे, पण बाप सॅम्युएल असलेला सॅम्युएल तर गावात नाहीच. मग हा ज्युनिअर कुणाचा? आणि न्यूयॉर्कला गेला तो कोणता? आडनाव देत नाही, घरच्यांची इच्छा नाही.

प्रतिसाद १:
काका, या 'ज्युनिअर'ने मलाही वर्षभर फिरवलंय. त्या काळी त्याचा अर्थ मुलगा असाच नसे. गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने धाकटा तो ज्युनिअर, मग नातं असो वा नसो. म्हणजे तुमचा ज्युनिअर १७६३चा. पण थोरला वारला किंवा गाव सोडून गेला की धाकट्याचं 'ज्युनिअर' गळतं, त्यामुळे १८०२नंतर करयादीत नुसता 'सॅम्युएल' दिसला तर तो दोघांपैकी कुणीही असेल. त्यावर विसंबू नका. वूस्टरचं विक्रीखत शोधा. जाणारा माणूस जमीन विकूनच जाणार, आणि नवऱ्याच्या जमिनीवरचा विधवेचा तिसऱ्या हिश्शाचा हक्क सोडायला बायकोची सही लागे. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर मॅसॅच्युसेट्सची जुनी खतं फुकट पाहता येतात. सॅम्युएलने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात चाकरी केली असेल तर विधवेची पेन्शनची फाइलही बघा. १८३८च्या कायद्याने १७९४पूर्वी लग्न झालेल्या विधवांना पेन्शन मिळू लागली. लग्नाचा पुरावा म्हणून काहींनी बायबलची पानंच फाडून जोडलीत.

धागाकर्ता:
सापडलं! १८०१, विकणार 'सॅम्युएल ज्युनिअर', खाली रूथ. सही नाही, नावाच्या मधोमध फुली. कारकुनाने नक्कल उतरवताना ती फुलीसुद्धा जशीच्या तशी काढलीय. दुसऱ्या सॅम्युएलची बायको, १८०४च्या खतात, हॅना. म्हणजे आमचा जोसेफचा. पेन्शनच्या यादीत मात्र नाव नाही.

आता रूथचं माहेर. गावच्या लग्ननोंदीत हे जोडपं नाही. लग्न मुलीच्या गावी लागायचं म्हणतात, पण आजूबाजूची गावं डझनभर आहेत. सुरुवात कुठून करू?